वाराला अभ्यास केल्याबद्दल

टाइमटेबल आखून देणाऱ्या माणसांचा मला राग येतो. स्वतःसाठी आखून स्वतःच मोडणाऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही, मी त्यांच्यातलीच. पण दुसऱ्याच्या दिवसाचे चौकोन पाडायला बसलेला माणूस दिसला की अजून माझ्या कपाळाची शीर उडते. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटलं तरी निदान उंटावर चढावं लागतं. याला खुर्ची आणि स्केचपेन पुरतात.

असा माणूस आमच्या घरातच होता. वडिलांचे थोरले भाऊ, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. बेळगावहून बेळगुंदीकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव, एका अंगणात दोन घरं, एक त्यांचं, एक आमचं. आप्पा तालुका कचेरीत कारकून होते. फायली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवण्यात जन्म गेला, पण निवृत्त होऊन घरी आले ते अशा थाटात, की इतकी वर्षं कचेरी यांच्याच आराखड्यावर चालली होती. मग गावातल्या पोरांचे ग्रह फिरले. दहावी असो, पोलीस भरती असो, बँकेची परीक्षा असो, आप्पांचं टाइमटेबल घेतल्याशिवाय कुणाची सुटका नसे.

ते ड्रॉइंग शीटवर असायचं. स्टीलच्या पट्टीनं रेघा, तांबड्या-निळ्या-हिरव्या स्केचपेनानं अक्षरं. पहाटे चारला 'उठणे'. मग 'ईशस्मरण'. मग 'मनन'. कशाचं मनन, तर ते लिहिलेलं नाही, कारण अभ्यास अजून सुरूच झालेला नसायचा. संध्याकाळी 'चिंतन'. मनन आणि चिंतन यांत फरक काय, असं मी एकदा विचारलं होतं. "करत गेलीस की आपोआप कळतंय," असं उत्तर मिळालं. म्हणजे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही मुलांना अशीच टाइमटेबलं मिळाली होती. एक आता गोव्यात हॉटेलात आहे, दुसऱ्याचं बेळगावात मोबाइलचं दुकान आहे, दोघंही सुखात आहेत आणि दोघांनीही पहाटेचे चार कधी बघितलेले नाहीत. त्यांची टाइमटेबलं मात्र भिंतीवर आहेत. एकामागं पाल राहते.

मी त्या वर्षी बी.एस्सी. झाले होते आणि मला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायची होती. त्यासाठी प्रवेश परीक्षा. पोरं हजारांनी बसतात, जागा बोटावर मोजण्याइतक्या. वडील शेजारच्या मच्छे गावातल्या कारखान्यात पाळीत काम करतात आणि उरलेल्या वेळात शेत बघतात. त्यांना बोलायला फार आवडत नाही. जेवताना ताटावरून मान वर न करता त्यांनी निकाल देऊन टाकला. "एक डाव बस परीक्षेला. लागला नंबर तर शीक. न्हाय लागला तर यात्रेला पावणं येणारच हाईत, तवाच बघून टाकू." टाकू म्हणजे माझं लग्न ठरवून टाकू. भात आणखी घेऊ का नको, याच्यावर त्यांनी त्यापेक्षा जास्त विचार केला असता.

तर एक डाव. पुढचा डाव नाही. हे मला स्वच्छ कळलं होतं, आणि आईलाही कळलं होतं, कारण तिनं त्या दिवशी वडिलांना ताक वाढलं नाही. आमच्या घरात आईची नाराजी कळायची ती अशी. बोलायची पद्धत नव्हती.

वडिलांनी दुसरं एक केलं. मला आप्पांकडं पाठवलं. "त्यास्नी टाइमटेबल करून द्यायला सांग. त्यांचा अनुभव हाय." कशाचा अनुभव, असं तोंडावर आलेलं मी गिळलं आणि अंगण ओलांडून गेले. आप्पा वाटच बघत होते. शीट पसरलेलीच होती. मला समोर बसवून त्यांनी विचारलं, "विषय किती?" मी म्हटलं, विषय एकच, रसायनशास्त्र, पण त्याचे भाग आहेत, आणि काही भाग मला येतात, काही अजिबात येत नाहीत, तर जे येत नाहीत त्यांना जास्त वेळ हवा. आप्पांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "असं न्हाय चालत. सगळ्यास्नी सारखा वाटा. भावाभावात शेत वाटल्यागत." आणि पाडले चौकोन. खाली डाव्या कोपऱ्यात माझी सही घेतली, उजव्या कोपऱ्यात स्वतःची केली आणि सहीच्या वर लिहिलं, 'मंजूर'.

त्या टाइमटेबलात मंगळवार आणि शुक्रवार हे दोन उभे रकाने पूर्ण तांबडे होते. त्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता, 'वार'.

हे सांगायला हवं. त्या वर्षी आमच्या गावची लक्ष्मीची यात्रा होती. ती दरवर्षी नसते, मधे कैक वर्षं जातात, आणि त्यामुळं जेव्हा येते तेव्हा गावाला वेड लागतं. यात्रेच्या आधी काही आठवडे गाव वार पाळतं. मंगळवारी आणि शुक्रवारी गावात काम बंद. कुणी नांगर धरायचा नाही, विळा-खुरपं हातात घ्यायचं नाही, गिरणी बंद, न्हावी बंद, गवंडी बंद. वार मोडला तर कमिटीपुढं उभं राहायचं, देवीला नारळ आणि तेल द्यायचं, आणि देवळाच्या स्पीकरवरून तुमचं नाव पुकारलं जाणार. नारळाचं कुणाला काही वाटत नाही. स्पीकरला सगळे भितात.

या यात्रा कमिटीचे सेक्रेटरी कोण, तर आप्पाच. नियम त्यांनीच लिहिले होते आणि पोटनियम तर त्यांनी हौसेनं लिहिले होते. पगाराची नोकरी वाराला चालते, म्हणजे वडिलांचा कारखाना सुटला. देवीचं काम चालतं, म्हणजे मांडव, लायटिंग, बॅनर सुटले. आणि शेवटी एक ओळ होती, की चूल, पाणी, धुणी-भांडी, दूध, शेणघाण हे कामात धरलेलं नाही. त्या ओळीवर बैठकीत कुणी चर्चासुद्धा केली नव्हती. त्यात काय चर्चा करायची?

"आप्पा, वाराला वाचलं तर काय हुतंय?" मी विचारलं.

"अभ्यास म्हंजे कष्ट. वाराला कष्ट चालत न्हाय," ते म्हणाले. "पाच दिवस भरपूर हाईत. लई वाचून डोकं फिरतंय."

मी वाद घातला नाही. पाच दिवस म्हणजे पाच दिवस, असं मीही धरून चालले. टाइमटेबल भिंतीला चिकटवलं आणि सोमवारी पहाटे चारला गजर लावून उठले. त्या वेळी मला वाटत होतं, की परीक्षा अवघड असते ती रसायनशास्त्रामुळं.

सोमवारी पुस्तक उघडलं तेव्हा अंगणातून थोरल्या काकूंची हाक आली. आप्पांच्या बायको त्या. रानात काजू पडला होता, बिया वेचायला माणूस कमी होतं. "ये की गं, बसूनच हाईस नव्हं." गेले. उन्हं वर आल्यावर परत येऊन बसले, तर यात्रेसाठी घर रंगवायचं होतं, रंगाऱ्याच्या हाताखाली कुणी तरी लागणार होतं, डबा धरायला, जुन्या भिंती खरवडायला. "बसूनच हाईस." बुधवारी धान्य निवडायचं निघालं, पाव्हण्यांसाठी. गुरुवारी गोधड्या, त्या पाव्हण्यांच्यासाठीच. यात्रेचे पाव्हणे अजून यायचे होते, पण त्यांच्यासाठी लागणारी कामं आधीच घरी मुक्कामाला आली होती. शनिवारी आप्पांनी स्वतःच बोलावलं, आमंत्रणांच्या पत्रिकांवर नावं घालायला, कारण माझं अक्षर चांगलं होतं. "नुसती पानं तर उलटायल्यास, जरा हातबी चालव," म्हणाले. आणि भिंतीवर त्यांच्याच सहीनं त्या वेळेला लिहिलं होतं 'सेंद्रिय रसायन'.

मी काही बोलले की सगळ्यांचं उत्तर एकच. वाचणं म्हणजे काय काम हाय का? बसून तर असतीस. हे 'बसून' मला फार झोंबायचं. वडील कारखान्यात यंत्रापुढं बसूनच असतात, आप्पा जन्मभर बसूनच होते, पण त्यांचं ते बसणं वेगळं. माझं तेवढं रिकामं.

त्या दिवसांत निपाणीच्या मैत्रिणीचा फोन यायचा. बी.एस्सी.ला आम्ही एका बाकावर होतो, आणि तीही तीच परीक्षा देत होती. तिची आजी तंबाखूच्या वखारीत राबली, वडील शिकून बँकेत अधिकारी झाले. बुद्धविहाराच्या मागं त्यांचं घर आहे. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तिचं टेबल. मी तिला माझं रडगाणं सांगितलं तर तिला आधी समजेचना. "कामाला बोलावत्यात म्हंजे? अगं, तू कामातच हाईस की. आमच्यात कोण आलं तर आई दारातनंच सांगती, पोरगी कामात हाय. बाबासुद्धा चप्पल काढून हळू येत्यात." मी फोन ठेवला आणि बराच वेळ मला तिचा हेवा वाटत राहिला. तिच्या टेबलाचा नाही. त्या दारातल्या वाक्याचा.

पहिल्या आठवड्यातले दोन्ही वार मी निमूट पाळले होते. मग पुढचा मंगळवार आला.

मंगळवारी गावात काम बंद. काकूंना काजूला जाता येईना, रंगारी येईना, गिरणी नाही, गोधड्या नाहीत. माणसं कट्ट्यावर बसून मोबाइल बघत होती. माझ्या लक्षात आलं, की अख्ख्या आठवड्यात मला कुणी हाक मारू शकत नाही असे दोनच दिवस आहेत, आणि आप्पांनी नेमके तेच तांबडे करून ठेवलेत. याला म्हणतात नियोजन. मी पुस्तकं ओढणीत गुंडाळली आणि स्लॅबवर गेले. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले. खालून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता, मग कळशीचा, मग भांडी घासण्याचा. त्या आवाजात मी दुपारपर्यंत वाचलं आणि जे आठवडाभर डोक्यात शिरलं नव्हतं ते शिरलं. शुक्रवारीही तसंच. पुढच्या मंगळवारी आईनं काही न बोलता पाण्याची बाटली आणि गुळाचा खडा वर आणून ठेवला.

पकडले गेले ते शुक्रवारी. आमच्या घरासमोरच्या खांबावर कमिटीतला एक जण शिडी लावून बॅनर बांधत होता. देवीचं काम ना. बॅनरवर देवीचा फोटो वीतभर आणि त्याखाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यात त्याचा स्वतःचा, काळा चष्मा घातलेला. शिडीवरून त्याला आमची स्लॅब दिसली. तो हातात तार-पक्कड घेऊन घामाघूम झालेला, आणि वार मोडणारी मी, मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली. त्यानं खिशातून मोबाइल काढून माझा फोटो घेतला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'कमिटीनं याची दखल घ्यावी.' पंधरा-वीस जणांनी खाली हात जोडले. बहुतेकांनी आप्पांची टाइमटेबलं भिंतीवर लावून दहावीला गटांगळ्या खाल्लेल्या होत्या.

संध्याकाळी देवळात बैठक बसली आणि आमच्या घराला बोलावणं आलं. वडील दुसऱ्या पाळीला गेले होते. आईनं डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "चल." मला वाटलं ती बाहेर पायरीवर थांबेल. आमच्यात बायका थांबतात. ती आत आली आणि खांबाशेजारी उभी राहिली.

अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे, कानाला यंत्र लावलेले. ते मला म्हणाले, "पोरी, वार असताना काम केलंस व्हय?"

"काम न्हाय केलं. वाचत होते," मी म्हटलं.

अध्यक्षांची तेवढ्यावर सोडून द्यायची तयारी दिसत होती. पण आप्पांना ते परवडणारं नव्हतं. सेक्रेटरीच्या घरातच वार मोडलेला, आणि तोही ग्रुपवर गेलेला. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी भाषणच केलं. अभ्यास हे काम आहे. साधंसुधं नाही, सगळ्यात मोठं काम आहे. शेतकऱ्याला नांगर तसं विद्यार्थ्याला पुस्तक. शेतकऱ्याचं अंग शिणतं, विद्यार्थ्याचा मेंदू शिणतो, आणि मेंदूचे कष्ट अंगाच्या कष्टापेक्षा भारी. खंडेनवमीला आपण अवजारांबरोबर पुस्तकं पुजतो ते उगाच नाही. म्हणून आपल्या घरातली पोरगी असली तरी दंड झालाच पाहिजे. काय निःपक्षपातीपणा. लोकांनी माना डोलवल्या. ज्या तोंडानं शनिवारी 'नुसती पानं उलटायल्यास' म्हटलं होतं, त्याच तोंडानं हे बोलताना माणसाची जीभ जरा तरी अडखळावी. आप्पांची अडखळली नाही.

"दंड. नारळ आणि तेल," अध्यक्ष म्हणाले.

तेव्हा आई बोलली. देवळाच्या बैठकीत ती बोललेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. ती पदर दाताशी धरून, आप्पांकडं न बघता, जमिनीकडं बघत म्हणाली, "भावजी, दंड देतो आम्ही. पर स्पीकरवर काय सांगणार?"

"सांगायचं तेच. वार मोडला म्हणून."

"काय करून मोडला ते सांगा. सगळ्यांचं सांगता, इळा धरला, केस कापलं. हिचंबी सांगा. अभ्यासाचं काम केलं म्हणून."

"सांगू की. त्यात काय?"

"आत्ता तुम्ही बोलला तसंच सांगा. सगळ्यात मोठं काम हाय म्हणून."

आप्पा खूश झाले. त्यांना वाटलं, भावजयीवर भाषणाचा परिणाम झाला. त्यांनी माइक हातात घेतला, तीनदा फुंकर मारली आणि अख्ख्या गावाला ऐकू गेलं, की आमच्या बंधूंच्या कन्येनं वाराला अभ्यासाचं काम केल्याबद्दल तिला दंड करण्यात येत आहे, अभ्यास हे सर्व कामांत श्रेष्ठ काम असून याची सर्व ग्रामस्थांनी नोंद घ्यावी. पुढं बेळगुंदीच्या अंगाला राहणाऱ्या माझ्या मामीनंही ते ऐकलं म्हणे, वारा तिकडं वाहत होता. घरी परतताना शरमेनं माझे कान तापले होते. आई शेजारून चालत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कळलं नाही.

कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. काकूंनी अंगणातून हाक मारली, "चल गं, काजूला. बसूनच हाईस."

आई दारात आली. ओला हात पदराला पुसत म्हणाली, "ती कामात हाय."

काकू हसल्या. आई हसली नाही. "काल स्पीकरवर सांगितलं न्हवं भावजींनी? दंड भरलाय आम्ही. एका कामावरनं उठवून दुसऱ्याला कसं लावायचं? चला, मी येतो."

आमच्याकडं बायका अशाच बोलतात, मी येतो, मी जातो. आणि ती गेली. माझ्या वाटणीच्या बिया तिनं वेचल्या, माझ्या वाटणीची भिंत तिनं खरवडली, गोधड्या तिनं धुतल्या. रंगाऱ्यानं मला हाक मारली तर आतून उत्तर, "ती कामात हाय." आप्पांनी उरलेल्या पत्रिका पाठवल्या तर त्याच पावली परत, "ती कामात हाय." आप्पांना रागावताही येईना. स्वतःच्याच तोंडानं गावभर सांगून बसलेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. भिंतीवरची ती चौकोनांची शीट मी काढून टाकली आणि मला जे येत नव्हतं त्यालाच दिवसच्या दिवस दिले. आता फक्त वाराला वाचायचं नव्हतं, ते मी वाचलं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मी आईला म्हणायचे, तुझ्या हाताखाली येते, तर ती म्हणायची, "नको, जा झोप काढ जरा."

वडील एकदा तिला म्हणाले, "लई चढवून ठेवलीस." तिनं त्यांना ताक वाढलं नाही.

यात्रा आली. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाव्हण्यांनी ओसरी भरली, पोरांनी स्लॅब भरली, मटणाच्या वासानं माझी वहीसुद्धा भरली. मी धान्याच्या कोठीच्या खोलीत दार लावून बसले होते, कारण परीक्षा यात्रेनंतर लगेच होती. दुसऱ्या दिवशी निपाणीकडचे ते पाव्हणे आले, वडील ज्यांच्याबद्दल बोलले होते ते. मुलाची आई ओसरीवर बसली आणि म्हणाली, "पोरीला बोलवा की, बघू तरी." वडिलांनी आईकडं बघितलं. मी दाराच्या फटीतून बघत होते. एकदा बाहेर जाऊन बसले असते, पोहे नेऊन दिले असते, तर परीक्षा नावापुरती उरली असती.

आईनं पोह्यांची ताटली स्वतः नेऊन ठेवली आणि म्हणाली, "ती कामात हाय."

"असलं कसलं काम?" पाव्हणीनं विचारलं.

"ते भावजींनाच विचारा. त्यास्नी चांगलं सांगता येतंय."

आप्पा शेजारीच बसले होते, डोक्याला नवा फेटा. सगळी ओसरी त्यांच्याकडं बघायला लागली. ते खाकरले आणि म्हणाले, "अभ्यासाचं हो. मोठी परीक्षा हाय." दुसरं काय म्हणणार? पाव्हणे पोहे खाऊन गेले आणि पुन्हा आले नाहीत. वडील आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत, पण ते तसेही बोलत नाहीत.

परीक्षा झाली. माझा नंबर लागला. निपाणीच्या मैत्रिणीचाही लागला, माझ्या बराच वर, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या घराचं दार हाका मारणाऱ्यांना पहिल्यापासूनच बंद होतं.

मग सुरू झालं ते खरं किळसवाणं. गावानं माझा सत्कार ठेवला. त्याच देवळात, त्याच माइकवर. मी काढून टाकलेलं टाइमटेबल आप्पांनी कुठून तरी मिळवलं होतं, बहुधा कोठीच्या खोलीतून, आणि त्याला लॅमिनेशन करून आणलं होतं. ते त्यांनी सगळ्यांना दाखवलं. नियोजन. शिस्त. पहाटे चारला उठणे. त्यांनाच आधी शाल घातली, मार्गदर्शक म्हणून. मग वडिलांना, एवढं शिकवलं म्हणून. वडिलांनी शाल घेतली, खाली बघितलं आणि बसले. माझा वाराला फोटो काढणारा तो काळ्या चष्म्याचा शुभेच्छुक आता माझा फोटो काढत होता, हसून. मग मला शाल, नारळ. आणि माइक दिला, दोन शब्द बोल म्हणून.

आई कुठं आहे ते मी बघितलं. ती देवळाच्या मागच्या बाजूला होती, जमलेल्यांचा चहा करत. तिथून पातेल्याची वाफ दिसत होती. तो दिवस कुठला वार होता ते मला आठवत नाही. पण मला सगळे वार आठवले. स्लॅबवर बसून ऐकलेले. भाकरी, कळशी, भांडी, गोठा. त्या मोसमात कमिटीनं न्हाव्याला दंड केला, विळ्याला धार लावणाऱ्याला केला, मांडीवर पुस्तक घेतलं म्हणून मला केला. आई प्रत्येक वाराला डोक्यावर पाणी घेऊन कमिटीच्या समोरून गेली होती.

"माझी एक तक्रार हाय," मी माइकवर म्हटलं. "माझ्या आईनं यात्रेचा एकूण एक वार मोडलाय. पहाटेपासनं रात्रीपर्यंत काम करून मोडलाय. मी डोळ्यांनी बघितलंय. तिला दंड करा. आणि काय करून मोडला ते स्पीकरवर सांगा."

अध्यक्षांनी कानाचं यंत्र नीट केलं आणि शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणत्या. मग आप्पा हसले. "पोरगी लई चेष्टेखोर," म्हणाले, आणि सगळे हसले, सुटका झाल्यासारखे. वडीलही हसले. टाळ्या झाल्या. माझ्या हातातून माइक हळूच काढून घेतला गेला आणि चहा आला. तो आईनं केलेला होता आणि चांगला झाला होता.

घरी जाताना आई आणि मी मागं राहिलो. तिच्या हातात रिकामं पातेलं, माझ्या हातात तो सत्काराचा नारळ. तिनं ऐकलं होतं की नाही, ते विचारायचं माझं धाडस होईना. अंगणात शिरताना तिनं पातेलं खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "केला असता दंड तर भरला असता की गं. नारळ होता घरात."